उत्तर: डिसेंबरची पोरं

वर कुणी म्हटलंय, पोरांच्या फुटबॉलमध्ये वयोगट ठरवायची तारीख (कटऑफ) १ जानेवारी नको, शाळेच्या वर्षाप्रमाणे धरा. त्यानं फक्त रडणारे आईबाप बदलतील, कारण रेघ कुठंही ओढली तरी तिच्या अगदी आधी जन्मलेली पोरं गटात सगळ्यात लहानच राहणार. माझा मुलगा २८ डिसेंबरचा. म्हापशात संघनिवडीच्या ट्रायलला उभा राहिला, तर शेजारच्या जानेवारीवाल्याच्या जेमतेम खांद्याला लागत होता. कागदावर दोघं एकाच वयाचे! २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक आपल्या गोव्यात, फातोर्ड्यातही झाला, तिथंही रेघ १ जानेवारी २००० चीच. अमेरिकेतल्या मोठ्या युवा संघटना जन्मवर्षावर, म्हणजे १ जानेवारीवर गेल्या आणि आता २०२६-२७ पासून परत १ ऑगस्टवर येताहेत. मनगटाची हाडं तपासून खोटा जन्मदाखला पकडता येतो, पण खऱ्या डिसेंबरवाल्याला त्याचा काय उपयोग? कोचनं निवडताना जन्ममहिना तरी समोर ठेवावा, निदान बारा-तेरा वर्षांपर्यंत.