'द लॅव्हेंडर हिल मॉब' : तुमचे अनुभव

ब्रिटनमधील ईलिंग स्टुडिओचा 1951 सालचा हा विनोदी चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी मनात घर करून राहिलेला एखादा प्रसंग इथे सविस्तर लिहावा. सोन्याच्या विटांच्या वाहतुकीवर वीस वर्षे इमानाने देखरेख करणारा हॉलंड तेच सोने लुटतो आणि आयफेल टॉवरच्या आकाराच्या पेपरवेटांत ओतून फ्रान्सला पाठवतो, एवढे कथानक नव्या वाचकांना पुरे आहे. शेवट कृपया उघड करू नये.

सांगली : आमचे घराणे सराफीतले. मुशीत वितळणारे सोने लहानपणापासून पाहिलेले असल्यामुळे, हॉलंडचा साथीदार पेंडलबरी याच्या कारखान्यात एरवी शिशाच्या वस्तू निघतात तिथे सोने ओतले जाते, तो प्रसंग मी श्वास रोखून पाहिला. शिशाची घनता 11.3 आणि सोन्याची 19.3, म्हणजे त्याच मापाचा टॉवर जवळजवळ पावणेदोनपट जड होणार. चुकून असा टॉवर विकला गेलेल्या आणि तो सहज हाती घेणाऱ्या शाळकरी मुलींना काहीच जाणवू नये, हे माझ्या हाताला अजून पटत नाही. शेजारी बसलेल्या वडिलांचे लक्ष मात्र जमिनीकडे होते. "सांडलेला कण झाडून घेतात का, बघ," असे ते म्हणाले.

नाशिक : मी बँकेत रोखपाल होतो. हॉलंड प्रामाणिक आहे, पण त्याच्याकडे कल्पनाशक्ती नाही, असे त्याचे वरिष्ठ बोलतात, तेव्हा अ‍ॅलेक गिनेस यांचा तो नम्र, काहीसा कारकुनी चेहरा मला फार ओळखीचा वाटला. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते, हे टी. ई. बी. क्लार्क यांनी नेमके जाणले आहे आणि त्यांना पटकथेसाठी मिळालेले ऑस्कर सर्वस्वी योग्य आहे, असे मी मनापासून मानतो.

ठाणे : बोट सुटायला आली असताना तिकीट, पासपोर्ट, सामानाची तपासणी अशा एकेका खिडकीपाशी हॉलंड आणि पेंडलबरी दोघे अडतात, तो प्रसंग मी आजवर चारदा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी माझा जीव टांगणीला लागतो.

पॅरिस : त्या शाळकरी मुलींना गाठण्यासाठी दोघे आयफेल टॉवरच्या चक्री जिन्यावरून धावत सुटतात आणि गरगरत, हसत खाली पोहोचतात. इथे राहायला आल्यावर तो जिना उतरून पाहायचा, असे मी ठरवूनच आले होते. दुसऱ्या मजल्यापासून शिखरापर्यंतचा मूळ जिना 1983 मध्ये काढला गेला आणि त्याचे तुकडे लिलावात विकले गेले, हे तिथे गेल्यावर कळले. मग जमिनीपासून दुसऱ्या मजल्यापर्यंतचा साधा जिना मी चढले आणि कठड्याला धरून, सावकाश खाली उतरले.