जुन्या गाड्या मदतीसाठी आणल्या, मग मधे दोरी कशाला?

भाट्याची वाळू (धागा)
रविवारी आमच्याकडे रत्नागिरीत डायलिसिसच्या पेशंटसाठी मदत जमवायचा कार्यक्रम झाला, त्यात कोल्हापूरकडच्या एका क्लबने आंबा घाट उतरून जुन्या गाड्या आणलेल्या. मी मुलाला आणि आमच्या अण्णांना घेऊन गेले. अण्णांनी बरीच वर्षं याच घाटात टॅक्सी चालवली. मैदानात शिरल्या शिरल्या त्यांना डुक्कर फियाट दिसली, जुनी ती, पुढचा दरवाजा उलटा उघडणारी, आणि माणूस तिथेच थांबला. दोरीला टेकून डावा हात हवेत फिरवत नातवाला दाखवत होते की गिअर खाली नाही, स्टेअरिंगच्या दांड्यावर असायचा. मग म्हणाले, मे महिन्यात घाट चढताना पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची, ओलं फडकं पंपावर टाकून विडी संपेपर्यंत थांबायचं की परत चालू. आजूबाजूला सात-आठ जण ऐकत उभे राहिले. तेवढ्यात एक पोरगा आला, "काका, मागे व्हा."
माझं म्हणणं एवढंच की शंभर रुपये घ्या आणि दोन मिनिटं आत बसू द्या. अण्णांनी पाचशे दिले असते हो. मदतपेटी गेटवर एका कोपऱ्यात होती, निम्म्या लोकांना दिसलीच नाही.

घाटमाथा
ताई, त्यातली एक गाडी माझी आहे म्हणून लिहितो. अण्णांना मागे व्हा म्हणाले त्याचं मनापासून वाईट वाटलं, मी तिथे असतो तर स्वतः दार उघडलं असतं. पण दोरी हवीच. उलट्या दाराच्या बिजागऱ्यांवर सगळं वजन येतं आणि मुलं दाराला लोंबकळतात, मागे एका ठिकाणी कुणाच्या तरी पर्सच्या चेनने मडगार्डवर वीतभर ओरखडा गेला, तो रंग जुळवायला मला दोन महिने लागले. त्यात तुमची खारी हवा. घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने दोनदा धुतली तरी दाराच्या आतून गंज धरतो, तो वरून दिसत नाही, दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो. आणि आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, कार्बोरेटरची जुनी रबरं त्यात टिकत नाहीत. पार्ट दुकानात मिळत नाहीत, भंगारवाल्यांकडे फिरावं लागतं. स्वतःच्या खर्चाने आणतो, फुकट दाखवतो.

कुडाळकर
माका ह्या काय पटूक नाय. एवढी काळजी आहे तर गाडी घरात ठेवा ना. गाडी म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नाही, ती लोकांनी वापरली म्हणून आज जुनी म्हणून मिरवतेय. आमच्या वाडीत जीप होती, लग्नाचं वऱ्हाड, बाळंतीण, आजारी माणूस, आंब्याच्या पेट्या, सगळं तिच्यातूनच. दोरीपलीकडची गाडी आणि कॅलेंडरवरचा फोटो यात फरक काय राहिला?

पावसाळी
मी तर म्हणते बसवूच नका, मैदानाला एक चक्कर मारून आणा. माणशी दोनशे, लाईन लागेल.

घाटमाथा
चक्कर नाही जमणार ताई. 2021 मध्ये केंद्राचे नियम आले, पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात. पण मग ती रोज वापरायची नाही आणि धंद्यासाठी तर नाहीच, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. पैसे घेऊन माणसं फिरवली तर उद्या कोण काय म्हणेल सांगता येत नाही, ती जोखीम मी घेणार नाही.

भाट्याची वाळू
नियम मान्य. पण उभ्या गाडीत बसणं म्हणजे फिरवणं नाही ना.

हिशोबी
मुळात हे सगळं कशाला? अर्ध्या गाड्या ट्रेलरवर आल्या, त्याचं डिझेल, टोल, मालकांचं राहणं-खाणं. तेच पैसे सरळ दिले असते तर जास्त मदत झाली असती. हौस करा ना, कोण नाही म्हणतंय, पण हौसेला मदतीचं नाव देऊ नका.

लांज्याहून
हिशोबीदादा, माझी आई डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास, आणि लांज्याहून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, माझी मजुरी बुडते ती वेगळी. बिलाचं काही ना काही जमतं, येण्याजाण्याचं कोणी विचारत नाही. रविवारी पहिल्यांदा मला अनोळखी माणसांनी विचारलं की आईला कसं नेतोस. गाड्या नसत्या तर ती माणसं मैदानात आलीच नसती. कोणी सरळ पैसे दिले असते तर आनंदच होता, पण याआधी दिले नव्हते.
दोरीबद्दल मात्र मी ताईंच्या बाजूने. माझ्या आईला पण बसायचं होतं.

हिशोबी
तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं, प्रवासखर्चासाठी माझ्याकडून मदत पाठवतो, मेसेज करा. मत बदललेलं नाही, ट्रेलरचा खर्च मला आजही पटत नाही.

कुडाळकर
घाटमाथादादा, एक तरी गाडी उघडी ठेवा हो. सगळ्या नको.

घाटमाथा
डुक्कर नाही उघडणार, ते दार आता दुसरं मिळायचं नाही. माझ्याकडे अँबॅसडर पण आहे, दणकट आहे, तिला काही होत नाही. ती ठेवतो. सीटवर गोधडी टाकू, अंगठ्या आणि पर्स बाहेर, एका वेळी दोघंच, आणि दाराशी मी स्वतः उभा राहणार. मदतपेटी बॉनेटशेजारी, गेटवर नाही. क्लबात बाकीच्यांशी बोलावं लागेल, दोघं-तिघं भांडणार आहेत माझ्याशी.
आणि ताई, अण्णांना डुक्करमध्ये बसवतो, पण गर्दी यायच्या आधी, सकाळी सातला. पंपावरचं फडकं त्यांनीच दाखवायचं मला, कारण माझी अजून दर उन्हाळ्यात घाटात बंद पडते.

भाट्याची वाळू
अण्णांना वाचून दाखवलं. विचारतायत, फडकं सुती आहे ना?