फुटक्या कपबश्यांचं मोझॅक करायचंय, सुरुवात कशी करू?

चाफेकळी:
नमस्कार मंडळी. घर बदलताना कपबश्यांचं अख्खं खोकं फुटलं, निळ्या नक्षीच्या, सासूबाईंच्या लग्नातल्या, आणि टाकवत नाहीयेत. त्यांचं मोझॅक करून दारावर नावाची पाटी करावी असं मनात आहे. आधी कधीच केलेलं नाही. व्हिडिओ बघितले तर एक जण फेव्हिकॉल म्हणतो, दुसरा टाइलचं केमिकल, तिसरा व्हाइट सिमेंट. पाटी दाराबाहेर लागणार, पावसात झड येते तिथे. काय काय आणू? आणि पहिल्याच वेळी पाटी घ्यावी का?

रानजाई:
पाटी आधी नको ताई. बिननक्षीचे तुकडे घेऊन सहा इंची चौकोन करा, उरलेल्या फरशीच्या मागच्या खरबरीत बाजूवर, गरम भांडं ठेवायला होईल आणि हातही बसेल.
कशाने चिकटवायचं ते वस्तू कुठे राहणार त्यावर ठरतं. साधा पांढरा फेव्हिकॉल घरातल्या कोरड्या फ्रेमला चालतो, ओल लागली की मऊ पडतो. झड येते म्हणताय तर सिमेंटवालं टाइल अ‍ॅडेसिव्हच घ्या, मिस्त्री ज्याला केमिकल म्हणतात तेच ते. बेस सिमेंट बोर्डचा, एमडीएफ, म्हणजे तो दाबीव लाकडी बोर्ड, अजिबात नको, पाणी पिऊन फुगतो.
फोडताना जुन्या टॉवेलात गुंडाळून हातोडीने हलकेच मारा आणि मग पकडीने आकार द्या. चाकांची पकड मिळते, व्हील्ड निपर म्हणून, ऑनलाइन मागवा. पकड तुकड्यावर पूर्ण चढवायची नाही, फक्त कडेला दोन-तीन मिलिमीटर धरून दाबायची, तडा आपोआप पुढे जातो. बशीच्या बुडाचं कडं जाड असतं ते आधी वेगळं काढा, नाहीतर तुकडा सपाट बसत नाही. कपाचे तुकडे गोलसर, ते पाटीला नकोत, कुंडीला ठेवा. आणि गॉगल लावल्याशिवाय एकही तुकडा फोडू नका, चष्म्याच्या बाजूनेसुद्धा कपची डोळ्यात जाते.

काळा_घोडा:
रानजाईंशी सहमत, फक्त व्हाइट सिमेंटबद्दल सांगतो. आपल्याकडे गच्चीवर फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक वर्षानुवर्षं सिमेंटमध्येच बसतंय त्यामुळे ते चुकीचं नाही, पण तिथे खाली जाड थर असतो, पातळ पाटीवर अ‍ॅडेसिव्हच धरतं. सांध्यांत व्हाइट सिमेंट भरलं तर निळी नक्षी फिकी दिसेल कारण बशी पांढरी आणि सांधाही पांढरा, सगळं एकच होऊन जातं. मध्यम करड्या रंगाचं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, घ्या, निळा एकदम उठून येतो.
फुटक्या वस्तूंचं काम हलकं समजू नका. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या पार्क ग्वेल बागेतला तो लांबलचक नागमोडी बाक वास्तुकार गौदीचा म्हणून प्रसिद्ध आहे, त्यावरचं फुटक्या टाइल्सचं बरंचसं काम जुजोल या त्याच्या सहकाऱ्याचं, तिथे या पद्धतीला त्रेन्कादिस म्हणतात. आणि चंदीगडचं रॉक गार्डन, नेक चंद यांनी फुटकी क्रोकरी, बांगड्या, भंगार असलं गोळा करून गुपचूप उभं केलं, 1976 साली लोकांना खुलं झालं. जमलं तर बघून याच.

चाफेकळी:
वा, करडं ग्राउट डोक्यातच आलं नव्हतं. आणि अक्षरं कशी करायची? देवनागरीत आडनाव आहे, जोडाक्षर आहे त्यात.

शिरोरेखा:
हा माझा आवडता विषय! अक्षरं किमान तीन इंच उंच ठेवा, त्याहून लहान घेतलीत तर जोडाक्षर वाचताच येणार नाही. आधी शिरोरेषा लावून टाका, सारख्या रुंदीच्या तुकड्यांची एकच सरळ ओळ, मग त्यातून खाली उतरणारे दांडे, मग गोलाई. गोलाईला चौकोनी तुकडे चालत नाहीत, पाचरीसारखे कापायचे, अरुंद टोक आतल्या बाजूला. अक्षरं झाली की पार्श्वभूमीची पहिली ओळ अक्षराच्या कडेकडेने फिरवा आणि मगच बाकीची जागा भरा. ही एक ओळ नसली तर अक्षर पार्श्वभूमीत हरवतं, बहुतेक नवख्यांच्या पाट्या इथेच मार खातात. निळी नक्षी अक्षरांना ठेवा, पांढरं मागे.
सगळं आधी कागदावर कोरडं मांडून दोन पावलं लांब जाऊन वाचून बघा. कुणी उलट्या पद्धतीने करा म्हणेल, म्हणजे तुकडे कागदावर मैद्याच्या खळीने पालथे चिकटवायचे आणि कागदासकट बसवायचं, त्यात अक्षरं आरशातल्यासारखी उलटी काढावी लागतात, सध्या नको.

रानजाई:
+1. सांधे दोन-तीन मिलिमीटरच ठेवा, तेवढ्याला बिनवाळूचं ग्राउट पुरतं. चिकटवल्यावर किमान एक दिवस थांबा, मग हातमोजे घालून ग्राउट सांध्यांत दाबून भरा, सिमेंटने कातडी सोलवटते. थोडं आवळलं की ओल्या स्पंजने पुसायचं, पण स्पंज घट्ट पिळलेला हवा आणि तिरका फिरवायचा, सांध्याच्या दिशेने ओढलात तर ग्राउट बाहेर येतं. धुतलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका हं, पाइपात घट्ट बसतं, बादलीत साका बसू द्या आणि तो कचऱ्यात टाका.

चाफेकळी:
मनापासून आभार सगळ्यांचे. पकड मागवली, चौकोनापासूनच सुरू करते. कपांचे गोल तुकडे मातीच्या कुंडीवर थेट चिकटवले तर चालतील ना?

काळा_घोडा:
थेट नको. माती आतून पाणी शोषते, मग तुकडे सुटतात आणि सांध्यांवर पांढरे क्षार फुटतात. कुंडी आतून वॉटरप्रूफिंग कोटने रंगवा, नाहीतर आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवून त्यात झाड लावा.