१९६८ ची एमजीबी ऑनलाइन लिलावात काढायची आहे: डागडुजी, फोटो, राखीव किंमत

तारेची_चाकं

मंडळी, एमजीबी रोडस्टर (टप नसलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार), मार्क २, चासी नंबर जीएचएन४ ने सुरू होणारा. लिलाव सात दिवसांचा. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ परत दोन मिनिटांवर जातं, अशी साइटची पद्धत आहे.

गाडीची खरी स्थिती: इंजिन मूळचं १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) चालू. रंग एकदा मारलेला. डाव्या मागच्या मडगार्डवर चाकाच्या कमानीपाशी रुपयाएवढे दोन-तीन फुगे आलेत. डाव्या बाजूची सिल (दरवाजाखालचा लांब पत्रा) कधीतरी बदललेली, त्या कामाची पावती नाही. क्लच हाउसिंगखाली ऑइलचा थेंब दिसतो. टायर दिसायला नवे आहेत, पण जुने असावेत.

विचारायचं असं की फुगे काढून त्या बाजूला रंग मारून घ्यावा का? फोटो किती आणि कशाचे? राखीव किंमत ठेवावी की नाही? आणि पैसे हातात येईपर्यंत काय काय सांभाळायचं?

---

पाना_बारा

रंग मारू नका. एवढं एक ऐका.

विक्रीच्या तोंडावर मारलेला ताजा रंग दिसला की घेणारा आधी विचारतो, खाली काय झाकलंय? फुगे दोन-तीन असतील तर तो त्यांचा खर्च मनात धरून बोली लावतो. ताज्या रंगाखाली मात्र तो सगळ्यात वाईट तेच धरतो. गाडीच्या पोटाला नवं काळं अंडरसील (गंज रोखणारा जाड लेप) मारणं तर त्याहून वाईट. पोट फक्त ब्रशने झाडा, पाण्याचा जोरदार फवाराही नको.

आता सिल. एमजीबीला नंबर असला तरी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसतो. दरवाजाखालची बाहेरची सिल, आतली सिल, मधला उभा पत्रा आणि तळाची कॅसल रेल हीच गाडीची पाठ. रोडस्टरला तर वर टपही नाही, म्हणून सगळा भार तिथेच. तुमच्या गाडीचं काम नीट झालंय की जुन्या सडक्या सिलवर नवा पत्रा चिकटवलाय, ते पावतीशिवायही कळतं:

– पुढच्या मडगार्डचा तळ आणि सिल यांच्यातला सांधा डोळ्यांना दिसला पाहिजे. तो भरून सपाट केला असेल तर वरून पत्रा मारलेला असण्याचीच शक्यता जास्त.

– कॅसल रेलच्या खालच्या कडेला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात, पाणी निघून जायला. त्या उघड्या हव्यात. अंडरसीलने बुजल्या असतील तर आत पाणी साचतंय.

– दरवाजाच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली पट्टीने मोजा. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून बसलेली आहे. सिल कापताना खाली आधार दिला नाही, दरवाजे जागेवर ठेवले नाहीत, की हे होतं. नंतर बिजागऱ्या ओढून फट सारखी करतात, पण मग दरवाजा बंद करताना उचलून ढकलावा लागतो.

हे तिन्ही फोटो पट्टीसकट टाका. "सिल उत्तम" या दोन शब्दांना लिलावात काडीची किंमत नाही.

करायचीच असतील तर स्वस्तातली कामं करा: दिवे, हॉर्न, वायपर, चोकची केबल, अडकणारी दाराची कडी. व्हिडिओत डाव्या वळणाचा दिवा लागला नाही की खाली वीस जण वायरिंगवर प्रवचन देतात. टायरवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, त्यांचा फोटो हवाच: २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढचे असतील तर वर्णनातच लिहा, म्हणजे भाव पाडायला कुणी ते शेवटच्या दिवशी उकरून काढणार नाही.

---

चोक_ओढा

वरच्या सगळ्याशी सहमत. फोटोंचं मी लिहितो, कारण निम्मे लिलाव तिथेच आपटतात.

संख्या: दीडशेच्या खाली थांबू नका. बाहेरचे ३०, आतले ३०, इंजिनचे २०, पोटाचे ४०, बाकी नंबर, कागद, दोष, सुटे भाग. पोटाचे सगळ्यात जास्त का, तर घेणाऱ्याला तिथेच वाकता येत नाही. लिफ्ट मिळाली तर उत्तम. नाहीतर गाडी स्टँडवर घ्या आणि बाजूने दिवा लावा. समोरून फ्लॅश मारला की गंजाचा पोतच मरतो.

फोनची रुंद लेन्स जवळून वापरली की बॉनेट बेडकाच्या तोंडासारखं दिसतं. दुप्पट झूमवर जा, पाचसहा पावलं मागे व्हा, कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर धरा. उन्हं तिरपी असताना किंवा पातळ ढगात घ्या. भर उन्हात रंगातले फरक मरतात आणि मग तुम्ही ते लपवलेत असा आळ येतो.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र भाड्याने मिळत असेल तर आणा. प्रत्येक पत्र्यावर तीन ठिकाणी टेकवून, आकडा दिसेल असा फोटो. १००-१५० मायक्रॉन म्हणजे एका हाताचा रंग, २००-३०० म्हणजे पुन्हा मारलेला, हजाराच्या पुढे म्हणजे पुट्टी. एक गोम आहे: या काळातल्या एमजीबीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं. तिथे लोहचुंबक चिकटत नाही आणि फक्त लोखंडासाठीचं यंत्र आकडाच दाखवत नाही. माहीत नसलेला माणूस लगेच "बॉनेट पुट्टीने भरलंय" म्हणून ओरडतो. दोन्ही धातू मोजणारं यंत्र घ्या, नाहीतर वर्णनात आधीच लिहून टाका. उलट मूळचं बॉनेट शाबूत असणं ही जमेची बाजू आहे.

सीटच्या मागचं झाकण उघडून बॅटरीच्या पेट्यांचा फोटो न विसरता घ्या. मूळच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे खाली लटकतात आणि पेट्या ॲसिडने व पाण्याने सडतात. एकच बारा व्होल्टची बसवली असेल तर तेही दाखवा, त्यात कमीपणा नाही.

व्हिडिओ दोन. पहिला थंड इंजिनाचा, मध्ये कुठेही न कापलेला. सुरुवातीला रेडिएटरवर हात ठेवून दाखवा, चोक ओढा, सेल्फ मारा, मग कॅमेरा सायलेन्सरच्या तोंडाशी आणि तिथून ऑइलच्या काट्यावर. दुसरा दहा मिनिटं चालवण्याचा, इंजिन गरम झाल्यावर. पुस्तकाप्रमाणे चालताना ऑइलचा दाब ५० ते ८० पीएसआय आणि गरम इंजिन मंद चालू असताना १० ते २५. काटा त्यात असेल तर अर्धे प्रश्न विचारलेच जाणार नाहीत. चौथ्या गिअरमध्ये ३००० फेऱ्यांवर ओव्हरड्राइव्हचं बटण दाबा. वेग तोच ठेवला तर फेऱ्या साधारण २४५० वर येतात, कारण त्याचं गुणोत्तर ०.८२ आहे. काटा खाली येताना दिसला पाहिजे, "ओव्हरड्राइव्ह चालतो" असं नुसतं लिहून कुणी मानत नाही.

थेंबाचं: गाडी फिरवून आणा आणि रात्रभर खाली पुठ्ठा ठेवा. चाकांच्या जागा खडूने आखा, सकाळी पुठ्ठ्याचा फोटो घ्या. तीन थेंब असतील तर तीन थेंब. या गाडीखाली एकही थेंब नसेल तर जाणकार आधी ऑइलची पट्टी काढून बघायला सांगेल.

---

शेवटची_बोली

राखीव किमतीबद्दल. माझं मत: ठेवा, पण अशी की ती तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ओलांडली जावी.

राखीव किंमत म्हणजे "मला इतके मिळावेत" नव्हे. "याच्या खाली आले तर गाडी माझ्याकडेच राहिलेली बरी" तो आकडा. तो मनात येईल तो धरायचा नसतो. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे तुलनेला माल भरपूर आहे. मागच्या वर्षभरात झालेल्या विक्रीच काढा, मागितलेल्या किमती नव्हे. त्यातून क्रोम बंपरच्या रोडस्टर वेगळ्या करा (१९७४ पासूनच्या रबर बंपरच्या यात मिसळू नका), मग ओव्हरड्राइव्ह असलेल्या आणि नसलेल्या वेगळ्या. दहाबारा उरतील. न विकलेल्या गाड्यांची शेवटची बोलीही टिपा. बाजार कुठे थांबतो ते तिथे कळतं.

राखीव फार वर ठेवली आणि गाडी राहिली, तर ती नोंद साइटवर कायमची राहते. पुढच्या वेळी पहिलाच शेरा असतो: "ही मागे अमुक रकमेवर अडली होती." मग तीच रक्कम तुमचं छत होते.

आणि मित्राच्या नावाने बोली लावून भाव चढवायचा विचारही नको. साइटच्या नियमात बसत नाही, बहुतेक ठिकाणी कायद्यातही नाही. तिथले जुने लोक बोलीचा इतिहास बघून ते ओळखतातही.

---

पाना_बारा

@शेवटची_बोली, इथे थोडा वेगळा विचार. दोष सगळे उघड मांडलेत आणि मागणी असलेलं मॉडेल आहे, तर राखीव नसलेल्या लिलावाला बघे जास्त येतात आणि बोली लवकर हलते. मात्र भाव चढायला दोन माणसं लागतात, आणि तुमची गाडी दोघांनाच हवी आहे की वीस जणांना हे आधी कळत नाही. गाडी फेकून दिल्याच्या भावात गेली तरी झोप लागेल अशांनीच राखीव काढावी. कर्ज फेडायला विकताय तर मुळीच नको.

बाकी आणखी एक. त्याच आठवड्यात साइटवर दुसरी क्रोम बंपरची रोडस्टर असेल तर तुमची पुढे ढकलायला सांगा. शेवट मोठ्या सणाच्या दिवशीही नको. घड्याळ वाढणाऱ्या लिलावात शेवटची दहा मिनिटं कधी अर्धा तास चालतात, माणूस मोकळा पाहिजे.

---

तारेची_चाकं

सगळ्यांचे आभार. रंग रद्द. दोन उपप्रश्न. कॉम्प्रेशनचे आकडे टाकावेत का? भीती अशी की एखादा कमी निघाला तर? आणि पैशाचं राहिलंच.

---

दाब_मोजणारा

टाका. आकडे नसतील तर लोक मनातले घालतात, आणि मनातले नेहमी कमीच असतात.

इंजिन गरम करून बंद करा. चारही प्लग काढा, कॉइलची बारीक वायर सोडवा, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, नाहीतर हवा आत येत नाही आणि चारही आकडे खोटे कमी येतात. प्रत्येक सिलिंडरवर सेल्फच्या पाचसहा फेऱ्या, सगळीकडे तितक्याच. ८.८ दाबगुणोत्तराच्या इंजिनाला १६० पीएसआयच्या आसपास अपेक्षा धरा, पण आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर छातीठोक लिहा.

एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन, म्हणजे २ आणि ३, एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट. ते विकायच्या आधी बदलून घ्या, काम मोठं नाही आणि पावतीसकट दाखवलं तर त्याची भीती उलटी कामाला येते. व्हॉल्व्हची फट न बघताच मोजणी करू नका. फार घट्ट बसलेला व्हॉल्व्ह आकडा पाडतो आणि दोष भलत्याच जागी जातो.

तारेच्या चाकांचं कुणी लिहिलं नाही. चाक उचलून छोट्या पान्याने एकेक तार वाजवा. घट्ट तार टणकन वाजते, सैल तार मुकी. मग दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढेमागे हलवा. आत टक् असा आवाज आला तर हबचे (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचे) दाते झिजलेत. हे दिसत नाही, पण गाडी बघायला आलेला मेकॅनिक पहिलं हेच करतो.

---

शेवटची_बोली

पैशाचं.

लिलावाच्या आधी: नोंदणीच्या कागदावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या पट्टीशी अक्षर न अक्षर जुळवा. शून्याच्या जागी ओ, एकाच्या जागी आय, अशा चुका जुन्या कागदांत हमखास निघतात आणि दुरुस्तीला आठवडे जातात. घेणाऱ्याला मात्र पैसे भरायला काही दिवसांचीच मुदत असते. कागद आधीच्या मालकाच्या नावावर असेल किंवा कर्जाचा बोजा चढलेला असेल, तर लिलावच थांबवा.

लिलाव चालू असताना: प्रश्नाला काही तासांत उत्तर, शक्यतो फोटो किंवा आकड्यासकट. माहीत नसेल तर "माहीत नाही, पावती नाही" एवढंच. खोडसाळ शेऱ्यांशी भांडू नका. लिलाव संपण्याआधी कुणी आपला मेकॅनिक पाठवतो म्हणाला तर हो म्हणा.

नंतर: पैसे बँकेतून बँकेत. आले की नाही ते घेणाऱ्याने पाठवलेल्या पावतीवरून किंवा मेसेजवरून नव्हे, स्वतः खातं उघडून बघा. धनादेश वटला असं दाखवून नंतर परत फिरू शकतो. "मी जास्त पाठवतो, त्यातून गाडी नेणाऱ्याला तुम्ही द्या" हा प्रस्ताव आला की तिथेच थांबा, तो ठरलेला सापळा आहे. घेणाऱ्याने सुचवलेल्या मध्यस्थ खात्याची साइटही बहुतेकदा बनावट असते. खाते क्रमांक ईमेलने पाठवलात तर फोन करून शेवटचे चार आकडे त्याच्याकडून वदवून घ्या, कारण मधल्यामध्ये ईमेल बदलून पैसे भलतीकडे वळवतात.

गाडी ट्रकवर चढण्यापूर्वी चारही बाजू, मीटर आणि डिकीतले सुटे भाग यांचे फोटो, ट्रकवाल्याची सही. पेट्रोल पाव टाकी पुरे. बॅटरीची तार काढा. पट्टे टायरवरून बांधायला सांगा, तारेतून ओवले की तारा वाकतात. आणि मालकी बदलल्याची नोंद त्याच दिवशी करा, तोपर्यंत विमा बंद करू नका.

---

तारेची_चाकं

पुठ्ठा ठेवला होता. पाच थेंब, सगळे क्लच हाउसिंगच्या तळाच्या भोकाखाली.

---

पाना_बारा

त्या भोकात एक कॉटर पिन असते. ती जागेवर आहे का बघा. थेंब साठून क्लचवर जाऊ नये म्हणून ती सतत हलती असावी लागते. असेल तर तिचाही फोटो टाका.