चिघळलेली जखम आणि सच्छिद्र नॅनोझाइम

साखळीकर:
माझ्या वडिलांना मधुमेह आहे, आणि पावसाळ्यात कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) ओल्या मातीत वावरल्याने त्यांच्या तळपायाची जखम चिघळते. पू कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीला) पाठवला की अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर औषध अंदाजानेच चालते. एन्झाइमची नक्कल करणारे सच्छिद्र नॅनोपदार्थ, म्हणजे नॅनोझाइम, जंतू ओळखतात आणि मारतातही, असे वाचले. एकच पदार्थ ही दोन्ही कामे कशी करतो?

ताळगावचा रसायन-अभ्यासक:
दोन्हींच्या मुळाशी एकच अभिक्रिया आहे. लोह ऑक्साइडचे नॅनोकण पेरॉक्सिडेज एन्झाइमसारखे वागतात, हे चिनी शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये दाखवले. हे कण हायड्रोजन पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल (अत्यंत क्रियाशील रासायनिक कण) तयार करतात. टीएमबी हे रंगहीन द्रव्य त्या अभिक्रियेत निळे होते, आणि जंतू जवळ असेल तर त्याचे आवरण फाटते. मात्र जंतू कोणता, हे कणावर बसवलेले प्रतिपिंड किंवा अ‍ॅप्टामर (ठराविक जंतूलाच चिकटणारे रेणू) ठरवते.

छिद्रांचे महत्त्व मला सर्वाधिक वाटते. ज्या धातू-सेंद्रिय चौकटींसाठी (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनवलेल्या सच्छिद्र पदार्थांसाठी) 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांच्या पोकळ्यांत ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम साठवता येते. ते जखमेतल्याच साखरेपासून पेरॉक्साइड आणि ग्लुकॉनिक आम्ल बनवते, आणि पेरॉक्सिडेजसारखी क्रिया पीएच 4 च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी वातावरणात, जोमदार असल्याने ते आम्लही उपयोगी पडते. मधुमेहींच्या जखमेसाठी ही कल्पना फार मोलाची आहे.

म्हापशाची शल्यचिकित्सक:
साखळीकर, दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पुवातल्या पांढऱ्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज हे पेरॉक्सिडेज प्रकारचे एन्झाइम असते आणि रक्तातले हिमोग्लोबिनही तशीच क्रिया करते, त्यामुळे नमुना नीट धुतला नाही तर जंतू नसतानाही निळा रंग येऊ शकतो. शिवाय जंतूचे नाव कळले तरी त्यावर कोणते प्रतिजैविक चालेल, हे संवेदनशीलता चाचणीच सांगते. उपचाराचे बहुतेक प्रयोग अजून उंदरांवरच झाले आहेत. वडिलांच्या पायातला रक्तपुरवठा तपासून घ्या, मृत ऊती काढून घ्या, आणि घरी जखमेवर पेरॉक्साइड ओतू नका, कारण नव्याने भरणारे मांसही त्याने दुखावते.

साखळीकर:
आभारी आहे, डॉक्टर. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू यालाही सरावतील का?

ताळगावचा रसायन-अभ्यासक:
रॅडिकल आवरण, प्रथिने आणि डीएनए यांवर एकाच वेळी घाला घालते, म्हणून सरावणे अवघड आहे. तरीही स्टॅफिलोकोकस ऑरियसजवळ पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज असते. त्यातच रॅडिकल क्षणार्धात नष्ट होते आणि काही नॅनोमीटरांपलीकडे पोहोचत नाही, म्हणून कण जंतूला चिकटेल असाच घडवावा लागतो.