कोड उघडा म्हणजे तिजोरी उघडी नव्हे

एकांनी लिहिलंय, की सरकारनं आपल्या सॉफ्टवेअरचा कोड, म्हणजे ते चालवणाऱ्या लेखी सूचना, सगळ्यांना पाहता येतील अशा उघड्यावर टाकल्या तर चोरांना घराची किल्लीच दिली. पटलं नाही. कोड म्हणजे कुलपाची रचना; किल्ली आणि लोकांची माहिती वेगळीच राहते. एस्टोनिया २००१पासून सरकारी खात्यांमधली माहितीची देवाणघेवाण एक्स-रोड नावाच्या यंत्रणेवरून करतं. पुढे त्याचा कोड खुला झाला आणि २०१७मध्ये एस्टोनिया-फिनलंडनं तो सांभाळायला एक सामाईक संस्थाच काढली. कॅनडानंही नागरिकांना ईमेल-एसेमेस पाठवायची यंत्रणा ब्रिटिश सरकारच्या खुल्या कोडवरूनच उभी केली.

आता आमच्या गोव्याचं. आईच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर आडनाव रोमन लिपीत 'क्यू-यू-ई'वालं नाईक (Naique), आधारवर 'के'वालं (Naik). गेल्या पावसात एका कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, मान हलवली, म्हणाल्या, "सिस्टम घेत नाही हो." बाई भली, पण तिच्या हातात काय होतं? प्रतिज्ञापत्र, पुन्हा रांग, छत्री तिथेच विसरली ती वेगळीच.

अशी दुहेरी आडनावं गोव्यात ढिगानं आहेत. सिस्टम बनवणाऱ्या बाहेरच्या कंपनीला ही अडचण दिसणारच नाही, आणि दिसली तरी बदलाचं बिल वेगळं. कोड खुला असता तर इथल्या फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनीही दुरुस्ती सुचवली असती. मात्र ती तपासून आत घेणारा, पगारी माणूस खात्यात हवा. नुसता कोड टाकून मोकळं झालं तर त्यावर धूळच बसते.