उ: .३५७ की .४४ मॅग्नम?

.३५७ मॅग्नम रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशलची स्वस्त आणि सौम्य काडतुसेही चालतात, म्हणून सरावासाठी तेच घ्यावे, हा या चर्चेत वर मांडलेला मुद्दा मला मान्य आहे, मात्र .४४ मॅग्नममध्येही .४४ स्पेशल चालते, त्यामुळे ही सोय एकट्या .३५७ची नव्हे. माझ्या मते निर्णय गोळी झाडताना हाताला बसणाऱ्या धक्क्यावरच व्हावा, कारण .४४च्या पूर्ण दाबाच्या काडतुसांनी मनगट लवकर थकते आणि मग चाप ओढण्याआधीच हात दचकू लागतो.

या सोयीची दुसरी बाजू अजून कोणी मांडलेली दिसत नाही. १९३५ साली .३५७ मॅग्नम काडतूस आले तेव्हा ते जुन्या .३८च्या रिव्हॉल्वरमध्ये बसू नये म्हणून त्याची केस (काडतुसाची धातूची नळी) सुमारे ३ मिलिमीटरने लांब ठेवली गेली. त्यामुळे .३८ स्पेशलची आखूड काडतुसे बरीच झाडली की चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या भोकात) त्यांच्या तोंडापुढे काजळीचे कडे जमते. त्यानंतर मॅग्नम भरले तर ते शेवटच्या टोकाला अडते, आणि झाडलेली रिकामी केस तर इतकी घट्ट बसते की एजेक्टर रॉड (रिकाम्या केस बाहेर ढकलणारी दांडी) तळहाताने ठोकावा लागतो. म्हणून मी मॅग्नम आधी झाडतो, स्पेशल नंतर, आणि घरी आल्यावर प्रत्येक चेंबर सॉल्व्हंट लावून ब्राँझच्या ब्रशने घासतो.